चार बोटं तोकडी पेटी

मुंबईच्या उपनगरांत कुणी हवापालटाला जात नाही, आणि मीही गेले नव्हते. मी भांडायला गेले होते. सोबत कपड्यांची पिशवी, बायबल, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि एक सागवानी पेटी होती. परत आल्यापासून आमच्या भगिनी मंडळातल्या बायका विचारताहेत, "बाई, कशी झाली मुंबई?" ज्या गेल्या नाहीत त्यांच्यासाठी एकदाच लिहून काढते, म्हणजे दर रविवारी सांगत बसायला नको.

आधी भांडण कशाचं ते सांगते. आमचं गाव प्रवरेच्या काठचं, घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. मी गावच्याच शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझा धाकटा भाऊ शांतवन मुंबईत नोकरीला लागला आणि घाटकोपरच्या एका गिरणीकामगाराची मुलगी, सुनंदा, हिच्याशी लग्न करून मोकळा झाला. मूळची ती माणसं कुडाळकडची. सुनंदानं लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला, तरी आमच्यात तिला कुणी पुरती आपली मानली नाही, आणि मी तर नाहीच नाही. वडील गेल्यावर आई मुलुंडला शांतवनकडे राहायला गेली. चार वर्षांनी शांतवनच गेला. आई सुनंदाकडेच राहिली. त्याच सुमारास मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि शेवटची तीन वर्षं तिनं अंथरुणातच काढली. मी म्हणत होते, निवृत्त झाले की तिला गावी नेते. निवृत्त झाले, तर घराच्या छताचं काम निघालं.

अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी सुनंदाचा फोन आला की आई गेली. मी म्हटलं, मी येईपर्यंत थांब, आपण तिला गावी आणू. वडिलांच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखलेली होती. मी कसारा घाट उतरत होते तेव्हा पुन्हा फोन वाजला. "झालं, ताई," सुनंदा म्हणाली. दुपारी पोचले तर ओल्या मातीचा ढीग आणि त्यावर झेंडूची फुलं. का थांबली नाहीस, एवढंही मी विचारलं नाही. तिच्या हातचं पाणी न पिता परतीची गाडी धरली आणि त्या दिवसापासून बोलणं टाकलं.

आमच्या देवळात एक जुनी रीत आहे. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मंडळीचे पंच घरोघरी येऊन विचारतात, "कुणाशी बोलणं बंद आहे का?" असेल, तर दुसऱ्या दिवशी बाकीचे भाकर आणि प्याला घ्यायला उठतात तेव्हा त्या माणसानं बाकावर बसून राहायचं. बरेच जण नाही म्हणून सांगतात आणि उठतात. मला ते जमत नाही. अडीच वर्षं मी तिसऱ्या बाकावर बसून राहिले. ज्यांना मी बाराखडी शिकवली ती पोरं आता बायकामुलांना घेऊन माझ्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जातात. त्या प्रत्येक वेळी मला सुनंदाचाच राग येत असे.

आणि मग ईस्टरआधीच्या उपासकाळात तिचा मोबाइलवर निरोप आला. "ताई, आईंची जागा शनिवारी उघडणार आहेत. यायचं असेल तर या." यायचं असेल तर! पोटच्या मुलीला.

मुंबईत जमिनीचा इतका तुटवडा आहे की मेलेल्या माणसालाही कायमची जागा मिळत नाही. दोन-अडीच वर्षांनी खड्डा उघडतात, अस्थी घरच्यांच्या स्वाधीन करतात किंवा भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, आणि तिथे पुढचा माणूस येतो. आमच्याकडे थडग्याला कुणी हात लावत नाही. ईस्टर आला की चुना लावतो, नाव पुन्हा रंगवतो. म्हणून अशी पेटी कधी कुणी केलेलीच नव्हती. सुतारानं माप विचारलं. आई लहानखुरी होती. मी दोन्ही हातांनी हवेत दाखवलं, एवढी. फूटभर.

अंधेरी

उतरले मावसबहिणीकडे. रूथ माझ्याच वयाची, अंधेरीत एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहते. माझ्या हातातली पेटी बघून खालच्या रखवालदारानं मला मागच्या बाजूला पिटाळलं. "सामान का लिफ्ट उधर है." मागची लिफ्ट म्हणजे पत्र्याचा खोका. त्यात एक गादी, दोन पाण्याचे जार, मी, आणि रूथकडे कामाला येणारी कमल. मी तिला विचारलं, तू इकडून का? ती म्हणाली, "आमाला तिकडून अलाउड नाय, मावशी." तिच्या सांगण्यात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच संताप आला.

संध्याकाळी रूथच्या घरी प्रार्थनासभा होती आणि वक्ता म्हणून मला न विचारता माझं नाव घातलेलं. विषय होता देवाची प्रीती आणि आपलं रोजचं जगणं. "तू छान बोलतेस गं, एस्तेर. टेन्शन नको घेऊस," रूथ म्हणाली. पंधरा-सोळा बायका आल्या होत्या. एसी इतका थंड की मी पदर अंगभर घेतला. मी बोलले, आणि खरंच छान बोलले. देवानं आपली लायकी बघून प्रीती केली नाही, आपण त्याचे वैरी होतो तेव्हा केली. त्यानं आधी केली, म्हणून आपणही समोरच्याची वाट बघत बसायचं नाही. चाळीस मिनिटं. दोघींनी डोळे पुसले. मी मात्र एकेक वाक्य तोंडातून निघताना तपासत होते आणि त्यातलं एकही माझ्या अंगाला लागत नव्हतं.

मग ढोकळा आणि सँडविच आलं आणि चर्चा सुरू झाली. एक तरुण बाई म्हणाली, "ताई, पण प्रॅक्टिकली कसं करायचं ना हे?" दुसरी म्हणाली की ती रोज सकाळी रखवालदाराला हसून गुड मॉर्निंग म्हणते. तिसरीनं पार्किंगवरून भांडलेल्या शेजाऱ्याला माफ केलं होतं आणि तसं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलंही होतं. तेवढ्यात कमल रिकाम्या बशा गोळा करायला आली. माझा ताबा सुटला. मी म्हटलं, "या बाईला तुमच्या लिफ्टमधून खाली जाऊ द्या, तेवढं पुरे. बाकीचं देव बघून घेईल." एकीनं घड्याळ पाहिलं. कमलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिचं काम घालवणार आहे.

सगळ्या गेल्यावर रूथ माझ्यावर घसरली. "वाट लावलीस माझी. तू प्रीतीवर बोलायला आली होतीस की भांडायला?"

"जे दिसलं ते बोलले."

"असं? मग सुनंदा दिसते का तुला? अडीच वर्षांत एक फोन केलास? तिच्याशी बोलायचं नाही आणि आमच्या लिफ्टा मोजायच्या."

रूथचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला रूथचाही राग आला.

घाटकोपर

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं घाटकोपरला निघाले. मेट्रो स्वच्छ, थंड, आणि रस्त्याच्या इतकी वरून जाते की लोकांच्या खिडक्यांतून त्यांची वाळत घातलेली धुणी आणि देवघरं दिसतात. आमच्याकडे कुणाच्या घरात असं डोकावलं तर भांडण होईल. इथे कुणी मान वर करून बघत नाही. आत शिरण्याआधी सामान तपासणीच्या यंत्रातून पेटी गेली तशी पोरगेल्या पोलीसबाईनं अडवलं.

"ह्यात काय आहे, मॅडम?"

"अजून काही नाही."

"मग नेताय कशाला?"

"आईला आणायला." तिनं मला एकदा खालीवर न्याहाळलं आणि जाऊ दिलं.

घाटकोपरला खाऊगल्लीत रूथनं सांगितलेला डोसा खाल्ला. त्यावर लोणी, त्यावर चीज, त्यावर कोबी आणि आणखी काय काय. डोशाला डोसा राहू देण्याची या शहराची तयारी नाही. तरी सगळा संपवला, हेही लिहायला हवं. तिथून मुलुंडला रिक्षा केली. रस्ता जागोजागी खणलेला. रिक्षावाला साताऱ्याकडचा निघाला. पेटी कशासाठी आहे ते त्यानं विचारलं, मी सांगितलं, तर त्यानं मीटरच्या बाजूला लावलेल्या देवाला हात जोडले आणि पुढचा सगळा रस्ता खड्डे चुकवत हळू चालवली. रागावण्यासारखं त्यानं काहीच केलं नाही.

मुलुंड

सुनंदा राहते ती इमारत जुनी, तीन मजल्यांची, लिफ्टच नाही. मागच्या गॅलरीतून नॅशनल पार्कचे डोंगर दिसतात. त्या दिवसांत ते तपकिरी पडलेले, मध्येच एखादा पळस लालभडक. आई फोनवर सांगायची, इथून डोंगर दिसतो बरं का. मला वाटायचं, माझं समाधान करायला सांगते.

सुनंदा वाळली होती. केस कापलेले. मला बघून म्हणाली, "या, ताई," आणि पेटी माझ्या हातून घेऊन आईच्या पलंगावर ठेवली. पलंग तिथेच होता, भिंतीला लावून. त्यावर झोपलेल्या माणसाला डोंगर दिसेल असा.

जेवायला तिनं बांगड्याचं तिखलं केलं होतं. मनात म्हटलं, आमच्या आईला ही कोकणी मासळी खायला घालत होती, जिला आयुष्यात मासळीचा वास सहन झाला नाही. बोलणार तोच बघितलं, की परातीत बाजरीचं पीठ घेऊन ती कोमट पाण्यानं मळते आहे. भाकरी हातावर थापली, पाणी फिरवलं, उलटली. थेट आईची भाकरी, कडेला तशीच जराशी जाड.

"तुला बाजरीची भाकरी कधीपासून येते?"

"आईंनी शिकवली. पलंगावरून ओरडायच्या, पातळ कर गो, पातळ कर. 'गो' म्हणायला माझ्याकडून शिकल्या होत्या." ती हसली. "पहिले सहा महिने सगळ्या तुटायच्या. तुटलेल्या मी खायचे."

मी भाकरीला हात लावायच्या आत विचारलं. अडीच वर्षांचं साठलं होतं. "का थांबली नाहीस? दोन तासांचा प्रश्न होता."

मला वाटलं होतं, ती म्हणेल की उकाडा होता, खड्डा खणून तयार होता, पाळकांना वेळ नव्हता. माझी सगळी उत्तरं तयार होती. ती तव्याखालचा गॅस बंद करून माझ्यासमोर बसली.

"थांबायचं नव्हतं मला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही आला असता तर नेलंच असतं त्यांना. गावाला. तुमची सगळी माणसं आली असती आणि मी मागे उभी राहिले असते, माझ्याच लग्नात उभी होते तशी. हे गेले तेव्हा या दोन खोल्यांत आम्ही दोघीच उरलो. सात वर्षं माझ्याकडे होत्या, ताई. त्यांचं सगळं मी केलं. माका भ्या वाटला. म्हटलं, जवळ राहतील, रविवारी जाऊन बसता येईल." हाताचं पीठ पुसत म्हणाली, "चुकलंच माझं. कळत होतं चुकतंय, तरी केलं."

चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी ताटावरून उठले. भाकरी तशीच ठेवली. गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि डोंगराकडे बघत मनातल्या मनात तिला म्हटलं, माझ्याकडून तू आईची माती हिरावलीस, आणि वर चुकलं म्हणतेस. हे मी खोटं सांगणार नाही. तिची दया आली नाही. तिनं माझ्या ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं, तोही मला आगाऊपणा वाटला.

दफनभूमी

शनिवारी सकाळी दोघी रिक्षानं दफनभूमीत गेलो. पेटी माझ्या मांडीवर, तिच्या खांद्याला कापडी पिशवी. एका बाजूला कारखान्याची भिंत, दुसऱ्या बाजूला इमारती, आणि मध्ये क्रूसच क्रूस, इतके जवळ की चालताना पाऊल तिरकं टाकावं लागतं. आईच्या जागेवर सुनंदानं सदाफुली लावली होती. साधा क्रूस, त्यावर आईचं नाव आणि खाली मराठीत "शांतवनची आई". मी म्हटलं असतं, एस्तेरची आई. तेही टोचलं.

खणणारे काका साठीचे, अंगात बनियन. त्यांनी सदाफुली मुळासकट काढून बाजूला ठेवली आणि खणायला लागले. फार वेळ लागला नाही. पाळकांनी प्रार्थना केली. काका खाली उतरले आणि एकेक वर द्यायला लागले. आधी लहान हाडं, घमेल्यात. मी ती ओल्या फडक्यानं पुसून पेटीत मांडायला लागले.

मग काकांनी मांडीचं हाड वर दिलं.

ते पेटीत बसेना. सरळ ठेवलं, तिरकं ठेवलं, कोपऱ्यातून कोपऱ्यात ठेवून बघितलं. चार बोटं बाहेर. मी आतली सगळी हाडं पुन्हा काढून परत मांडली, जणू त्यानं पेटी लांबणार होती. काका वर चढले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"पेटी लहान आणलीत, बाय. मोडून टाकू का? मोडतात लोक."

आईच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली ही शेवटची गोष्ट, आणि तीही मापात चुकली.

"नाय, मोडायचं नाय," सुनंदा म्हणाली. तिनं खांद्याची पिशवी उघडली आणि आतून एक लांबट थैली काढली, नाडीची. कापड मी लगेच ओळखलं. आईचं हिरवं लुगडं, नऊवारी, वडिलांनी घेतलेलं. तिनं थैली जमिनीवर पसरली आणि माझ्या हातातून हाड घेतलं. ते तिच्यात नीट मावलं. वर नाडी बांधायला जेवढं हवं तेवढंच कापड उरलं.

"माप कधी घेतलंस?" मी विचारलं.

"माप कसलं? तीन वर्षं रोज तेल चोळलं या पायांना. हाताला माहीत असतं ना."

तिथे, मातीच्या ढिगावर, मी रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते. प्रीतीवर चाळीस मिनिटं बोलणारी मी, हवेत हात पसरून सुतारासमोर उभी होते. मला माझ्या आईच्या मांडीची लांबी ठाऊक नव्हती. वर्षातून दोनदा चटणीचा डबा घेऊन येणाऱ्या माणसाला ती कशी ठाऊक असणार? आणि जिनं मला फसवलं, जिच्यावर मी रागावले होते आणि अजूनही आहे, तिला ती ठाऊक होती. हे दोन्ही एकाच बाईच्या ठिकाणी असू शकतं, याचाही मला राग आला.

सगळी हाडं थैलीत घालून सुनंदानं नाडीची गाठ मारली आणि थैली माझ्या हातात दिली. "न्या त्यांना गावाला. बाबांच्या शेजारी. म्हणूनच कळवलं तुम्हाला. नायतर कोनाड्यात ठेवून मोकळी झाले असते."

"आणि तू रविवारी कुठे जाऊन बसशील?"

ती पेटी उचलत होती. रिकामी.

मुलुंडला परत आलो. आदल्या संध्याकाळची माझी भाकरी तशीच झाकलेली होती. तिनं ताजी करते म्हटलं. मी नको म्हटलं आणि शिळी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, उभ्यानंच. ती बघत होती. मग मी म्हटलं, "कपडे भर. तूही चल."

गाव

माती दिली, वडिलांच्या शेजारी. गावानं सुनंदाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि जे बोलायचं ते आमच्या पाठीमागे बोललं. ती आठवडाभर राहते म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिनं माझ्या चुलीची जागा चुकीची ठरवली आणि आमचं वाजलं. चटणीत लसूण जास्त आहे, असंही म्हणाली.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी पंच आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं, आणि नेहमीसारखं विचारलं, "बाई, कुणाशी बोलणं बंद आहे का?"

"नाही. बोलणं चालू आहे. सकाळपासून भांडतोय."

"म्हणजे मनात राग आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं. "पुष्कळ आहे."

पंच भला माणूस. त्यांना माझ्यासाठी वाईट वाटलं. "मग उद्याही बसूनच राहणार का?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "नाही, उद्या उठणार. तिला आपल्या देवळातली रीत ठाऊक नाही. कुणीतरी तिच्या आधी उठायला हवं."